पहिलीचं माहेर

आमचं मंडळ रविवारी सकाळी दहाला भरतं, लातुरातल्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत. मंडळ म्हटलं की लोकांना गणपती आठवतो. आमच्याकडं ढोल नाही, वर्गणी नाही. आम्ही लोकांच्या वंशावळी जुळवून देतो. पाच-सहा निवृत्त माणसं, दोन टेबलं, आणि दाराशी चपलांचा ढीग. मी मोजणी खात्यातला. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करायला लागलो, तेव्हा तिनंच मला इकडं हाकललं. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे, पण तसं तिला बोललेलो नाही.

येणाऱ्या बहुतेकांना जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ पाहिजे असते. पणजोबाचा कागद शोधायचा आणि तिथपासून आजच्या पोरापर्यंत एकही पायरी न चुकता खाली यायचं. रेणापूरकडून कोणी येतो. पिशवीत सातबारा, शाळेचा उतारा, कुठला तरी मृत्यूचा दाखला, आणि कशाचा कशाशी मेळ नाही. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत, त्यामुळं एकाच घरात एकाच नावाची तीन माणसं निघतात. कोण कुणाचा बाप हे लावता लावता माझं डोकं उठतं आणि मी खेकसतो. त्याबद्दल मी प्रसिद्ध आहे. काम झाल्यावर तहसीलच्या कुठल्या खिडकीवर जायचं, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं, तेही सांगतो. बदल्यात फक्त वंशावळीची एक प्रत मंडळाकडं ठेवून घेतो.

निजामाच्या काळातले कागद उर्दूत असतात. ते वाचायला नांदेडहून एक मास्तर येतात, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. महिन्यातून एक रविवार एसटीनं येणार, डबा घरचा आणणार आणि संध्याकाळी परत जाणार. घाईनं ओढलेली, एकात एक गुंतलेली अक्षरं ते अशी वाचतात की शेजारी बसून मला माझीच लाज वाटते.

मी मंडळाला एक नियम घालून दिला होता. एकाच कागदावर नाव सापडलं तर ते तक्त्यात पेन्सिलीनं लिहायचं. दुसऱ्या कागदानं तेच सांगितलं तरच पेनानं. तोंडी माहितीला कागद म्हणायचं नाही, मग सांगणारा कितीही रडो. हा नियम मी मोडला, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

जळकोटाकडच्या एका गावातून एक मावशी आल्या होत्या, ऐंशीला टेकलेल्या. नातीला नर्सिंगला घालायचं होतं, तिच्यासाठी वंशावळ पाहिजे होती. कागद चांगले होते, दोन बैठकांत काम झालं. मी तक्ता काढला आणि नातीसमोर ठेवला. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यात मी कुटं हाय?"

"बायका नसतात यात, मावशी. बापाकडूनच काढतात."

"मग माझी माय बी नसंल."

"तुमच्या आईचा इथं काय संबंध?" मी म्हणालो. असं बोलायला नको होतं. पण बाहेर अजून चार जण ताटकळत होते.

मावशी उठल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. त्या अंगावर पीत होत्या तेव्हाच आई वारली. बापानं दुसरं लग्न केलं, आणि सावत्र आईचं माहेर हेच त्यांचं आजोळ ठरलं. आईच्या माणसांचं काहीतरी बिनसलं असावं, कारण तिकडून पुन्हा कोणी आलं नाही. घरात तिचं नाव कोणी घेईना. बोलायची वेळ आलीच तर तिला 'पहिली' म्हणत. पहिली अशी होती, पहिलीच्या वेळेला असं झालं. बाप गेला, आत्या गेली, आणि नाव ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही. मावशींना दिलं तेही गावातच, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत.

"मला माहेराला जायला रस्ताच न्हाई लागला बगा," त्या म्हणाल्या. "तुमी एवढ्या लोकायचं शोधून देता. माझ्या मायचं नाव आन् गाव तेवढं काढून द्या. मरायच्या आधी एकदा जाऊन येते."

मी सांगितलं की हे आमचं काम नाही. त्या काळच्या बाईचा कागद कुठून आणायचा? तिच्या नावावर शेत नाही, ती शाळेत गेली नाही, आणि लग्नात तर नावही बदललेलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या रविवारी परत आल्या. त्याच्या पुढच्याही. मला त्यांचा वैताग यायला लागला. शेवटी वैतागानंच मी विचारलं, "घरात तिची काही वस्तू आहे का? नाव घातलेली?"

"एक घागर हाय," त्या म्हणाल्या.

घागर आली. तांब्याची, जड, बुडाला चेपलेली. मावशींच्या लग्नात आत्यानं माळ्यावरून काढून दिली होती, 'तुझ्या मायची असंल' म्हणून. गळ्याजवळ टिंबाटिंबांनी एका माणसाचं नाव आणि गाव कोरलेलं. मुलीला लग्नात भांडी दिली की त्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत अजूनही आहे. गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं निघालं. खोलीतले सगळे उठून घागरीभोवती गोळा झाले. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा पाजला, आणि ते माझ्या स्वभावात नाही.

त्या गावात फोन लावले. घागरीवरचं नाव ज्यांच्या आजोबांचं, ते सत्तरीचे गृहस्थ सापडले. ते म्हणाले, त्यांची एक आत्या होती, जळकोटाकडं दिलेली. लवकर वारली असं वडील सांगायचे. पुढं येणं-जाणं राहिलं नाही.

गाव जुळलं, दिशा जुळली, मरण जुळलं. कागद मात्र एकही नव्हता. एका घागरीवर आणि एका फोनवर मी मावशींचं आजोळ तक्त्यात पेनानं लिहिलं. मास्तर त्या रविवारी आले होते. ते म्हणाले, "जरा थांबू या का? दुसरं काही तरी मिळू द्या." मी म्हणालो, "मास्तर, बाईचं वय बघा. थांबून काय करायचं?"

मीच मावशींना शिरूरकडं घेऊन गेलो. नात सोबत होती. गृहस्थांनी दारातच पायावर पाणी घातलं, सुनेनं भाकरतुकडा ओवाळला. जेवण झालं, साडी नेसवली, ओटी भरली. मग गृहस्थ मावशींना म्हणाले, "आक्का, तुमच्या आईचं आमच्याकडचं नाव हे होतं." आणि त्यांनी नाव सांगितलं.

मावशींनी ते दोनदा म्हणून पाहिलं. परतीच्या वाटेवर गाडीत त्या तोंडातल्या तोंडात तेच म्हणत होत्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत. माझेच डोळे भरून आले, आणि ड्रायव्हरला दिसू नये म्हणून मी खिडकीकडं तोंड केलं.

पंचमीला शिरूरहून गाडी आली. सासरी गेलेल्या लेकीबाळींना आणतात तसं त्यांना माहेरी नेलं. नातीनं मला फोटो पाठवला, मावशी झोक्याची दोरी धरून उभ्या आहेत. मी तो घरी दाखवला, मंडळात दाखवला, ओळख नसलेल्यांनाही दाखवला.

मावशींचं ऐकून त्यांच्या गावातले लोक आमच्याकडं यायला लागले. त्यात एक कुटुंब त्यांच्या बापाच्या अगदी शेजारच्या घरचं होतं, भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडं शेताच्या वारशाचा एक उर्दू कागद होता. मास्तरांनी तो वाचायला घेतला, मध्येच थांबले आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग मला म्हणाले, "साहेब, इकडं या जरा."

कागदात असं होतं: त्याच घरातला एक माणूस वारला, लावलद, म्हणजे मूलबाळ नसलेला. शेत त्याच्या विधवेच्या नावावर झालं. विधवेचं सासरचं नाव होतं आणि पुढं बापाचं नाव आणि गाव. घागरीवरचंच नाव. तेच शिरूरकडचं गाव. कागदावरचं साल मावशींच्या जन्मानंतर चार वर्षांनी पडणारं होतं. शिरूरची लेक लवकर वारली नव्हती. ती मावशींच्या बापाच्या शेजारी नांदत होती आणि मावशींची आई गेल्यावरही जिवंत होती. तिचं माहेराशी काय फाटलं होतं कोण जाणे. जिवंत लेकीला मेलेली म्हणावं इतकं फाटलं होतं, एवढंच दिसतं.

आणि घागर? लग्नकार्यात गल्लीतली भांडी गोळा होतात, एकमेकांत मिसळतात, परत देताना चुकतात. भांड्यावर नाव घालतात ते त्याचसाठी. नोकरीभर मी लोकांना सांगत आलो की बांधावरचा दगड हलतो, दगडावर भरवसा ठेवून मोजणी करू नका. घागर हलते हे मला सुचलं नाही.

मास्तर मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मीच म्हणालो, "सांगायलाच पाहिजे का? बाई सुखात आहे."

"तुम्ही पेनानं लिहिलंय," ते म्हणाले. "कागद म्हणतो ते चूक आहे. आता तुम्ही ठरवा."

मी तीन रविवार ढकलले. मंडळात गेलो, तक्ते काढले, लोकांवर नेहमीपेक्षा जास्त खेकसलो. चौथ्या रविवारी मंडळात न जाता जळकोटची गाडी पकडली.

मावशी ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला, आणि माझा धीरच गेला. चहा झाला, नातीच्या कॉलेजचं झालं. मग मी सांगितलं. आडवळण घेतलं नाही, नाहीतर परत फिरलो असतो. शिरूरचं घर तुमच्या आईचं नाही, घागर शेजारची, चूक माझी.

त्यांचे हात शेंगांत थांबले.

"म्या रोज दिवा लावताना नाव घिऊन राहिले तिचं," त्या म्हणाल्या. "मग ते कुणाचं नाव?"

"तुमच्या बापाच्या शेजारी एक विधवा बाई होती. मूलबाळ नव्हतं तिला. तिचं माहेरचं नाव ते."

मावशींनी मान वर केली. "काकू?"

"तुम्हाला आठवतात?"

"आठवतात म्हंजे? मला जेऊ तिनं घातलं. सावत्र मायला लेकरं झाल्यावर म्या तिच्याच चुलीपशी असायची. वेणी तीच घालायची, आन् आवळून घालायची, डोळे वर जायचे. माझ्या लग्नाच्या आधी वारली. आमी काकूच म्हणायचो, नाव कोण घेतंय?" त्या थांबल्या. "तिचं नाव हे होतं व्हय."

मी मान हलवली.

"मग घेते की. तिला तरी कोण हाय नाव घ्यायला?" त्यांनी एक शेंग फोडली. "शिरूरला तुमी जाऊ नका. म्याच सांगते. त्यायच्या आत्याचं त्यायला बी कळू द्या, कशी होती ते."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हे कबूल करतो. वाटलं, सुटलो. पिशवी उचलली आणि चपला घालायला लागलो.

"आन् दादा," मावशी म्हणाल्या. "माझ्या मायचं?"

मी वळलो. त्या माझ्याकडं बघत होत्या, पहिल्या रविवारी बघत होत्या तशाच.

"ते नाही सापडलं, मावशी."

"मग बगत ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "म्या हाय अजून."

मी हो म्हणालो. त्याला आता दीड वर्ष झालं. दर पंधरा दिवसांनी नात फोन करते, आजी विचारतात म्हणून. मी तिला सांगतो की शोधतोय. कुठं शोधायचं हे मला माहीत नाही.