पेटीतला लिंबू सोडा

"झाकण कुणी उघडलं? कुणाचा हात मोडू मी?"

नर्सबाई अशा ओरडल्या, की तलवाड्यातली कबुतरं उडून थेट चकलांब्याला जाऊन बसली. पेटीतल्या थर्मामीटरचा काटा मात्र जागचा हलला नाही. चौदा अंश.

पेटी माझी. मामांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत मी ती ठोकून तयार केली होती. पत्रा आणि बर्फ माझा. अस्तर आणि थर्मामीटर जर्मनीच्या एका कंपनीचं. विजेशिवाय दिवसभर लस गार ठेवायची, एवढंच तिचं काम. देशाचा बाजार परदेशी कंपन्यांना नुकताच खुला झाला होता. वर्षभरात अमेरिका माझ्या दारात रांग लावणार, असं मी पारावर सांगून टाकलं होतं.

त्या दिवशी कंपनीचा इंजिनिअर स्वतः आला. आरोग्य उपकेंद्रात दोन दिवस वीज नव्हती, म्हणून नर्सबाईंनी सकाळीच तालुक्याहून आणलेली गोवराची सगळी लस माझ्या पेटीत ठेवली. संध्याकाळी काटा आठच्या खाली असला की साहेब करारावर सही करणार. आणि कापूस वेचून परतलेले लोक पोरांना टोचून घेऊन ऊसतोडीच्या ट्रकात बसणार.

उन्हं कलली तेव्हा मामांनी साहेबाच्या हातात सोड्याची बाटली दिली. एक घोट घेऊन साहेब म्हणाला, "वीज नाही, मग एवढं गार कसं?"

मी मामांना मराठीत विचारलं. मामांची छाती हातभर फुगली. "तुझ्याच पेटीत ठेवल्या की! डझनभर. घडीघडी उघडून बघत होतो. लई झ्याक गार करती, लेका!"

तेवढ्यात पेटीपाशी काटा बघायला गेलेल्या नर्सबाईंची ती आरोळी आली.

साहेबानं काटा पाहिला, पेनाला टोपण लावलं आणि जीपमध्ये जाऊन बसला. मी ट्रकच्या ड्रायव्हरचे पाय धरले. "सकाळपर्यंत थांब रे. दुसरी लस आणतो. जीपमागं पळत जाऊन आणतो!"

"मुकादम थांबू देत न्हाई," म्हणत त्यानं गिअर टाकला. फळीवरून पोरं मला हात हलवत गेली. त्यांना वाटलं, मी निरोप द्यायलाच आलोय.

मामा दुकानाच्या पायरीवर बसले होते. पुढ्यात रिकाम्या बाटल्या.

"मामा, कावून केलं तुमी असं?"

"पाव्हणा उन्हातून आलता," मामा म्हणाले.