माळावरचा वारा

वृत्तपत्रातली नोकरी सोडल्यावर मी दुबईत विमा क्षेत्रासाठी वादळांच्या जोखमीचे अहवाल संपादित करू लागलो. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या अतितीव्र टोर्नेडोंचा अहवाल हातात होता. तक्त्यात प्रत्येक टोर्नेडोपुढे वाऱ्याचे दोन वेग होते. एक ट्रकवरच्या रडारने मोजलेला. दुसरा पडलेली घरे आणि मोडलेली झाडे पाहून अंदाजलेला. दोन्ही क्वचितच जुळत. रडारचा आकडा बहुधा मोठा असे. रडार जमिनीच्या थोडे वरचे वारे टिपते, हे एक कारण. दुसरे अगदी साधे होते. वादळ मोकळ्या माळावरून गेले तर मोडायला काही नसते, आणि अधिकृत श्रेणी खालची लागते.

शारजात अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा वडील होते. आई गेल्यावर मिरजेचे घर बंद करून मीच त्यांना व्हिजिट व्हिसावर आणले होते. मुदत एकदा वाढवली होती आणि ती पुन्हा संपत आली होती. शनिवारी दुपारपर्यंत ट्रॅव्हलवाल्याला निर्णय कळवायचा होता. मुदत वाढवायचीच, असे मी धरून चाललो होतो. वडील वेळेवर जेवत, औषधे घेत. तक्रार एकही नव्हती.

आल्या आल्या त्यांनी आंघोळीनंतर पंचा बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातला होता. वॉचमन वर आला. बाहेरून कपडे दिसले तर दंड, असे त्याने सांगितले. तेव्हापासून पंचा बाथरूममध्ये वाळत असे.

शनिवारी सकाळी धुळीचा वारा सुटला. समोरचे टॉवर दिसेनासे झाले. वडील माझ्या मागे येऊन लॅपटॉपकडे पाहू लागले. मी तक्ता समजावून सांगितला.

"म्हणजे माळावर सुटलेला वारा, वाराच नाही?"

"आहे ना. पण श्रेणी नुकसानावरून ठरते."

"पंचनामा तलाठ्याकडूनच करून घेता वाटतं. पीक नाही, तर नुकसान नाही."

सोफ्यावरून माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, इट्स सायन्स."

"असेल हो बाईसाहेब." ते खिडकीशी गेले. "बाहेर वारा किती आहे रे?"

मी फोन उचलला.

"फोनमधलं नको. इथून बघून सांग."

मी पाहिले. इतक्या उंचीवर झाड नव्हते. आमच्या इमारतीच्या एकाही बाल्कनीत कापड नव्हते. काच बंद असल्याने आवाजही नव्हता.

"कळत नाही, बाबा."

"मलाही नाही कळत. आल्यापासून."

तेवढ्यात ट्रॅव्हलवाल्याचा फोन आला. "भाई, बाबूजी का एक्स्टेंड करूं ना? यल्ला, जल्दी बोलो."

"एक मिनिट," म्हणून मी फोन खाली धरला. वडिलांनी ऐकले होते.

"मला जायचंय," ते म्हणाले.

"तिथे एकटे काय कराल?"

"पंचा वाळत घालीन."

"थट्टा नको. रात्री-अपरात्री काही झालं तर?"

"शेजारच्यांना दार उघडं दिसलं नाही की ते हाक मारतात. इथे मी वरून रोज ठीक दिसतो, आणि तू तेच खरं धरतोस." आवाज चढला नव्हता. "सांग त्याला."

फोनवरचा माणूस हॅलो, हॅलो करत होता.

"एक्स्टेंड नहीं करना. मिरज के लिए टिकट देखो. मुंबई तक चलेगा."

"खलास? पक्का?"

"खलास."

मुलीने कानातला इअरफोन काढला. "आजोबा, यू आर गोइंग? व्हेन?"

"विमान मिळेल तेव्हा. तोवर ही खिडकी जरा उघड."

तिने येऊन ती उघडली. "दॅट्स ऑल इट ओपन्स, आजोबा."

खिडकी तीन बोटेच उघडत होती. वडिलांनी त्या फटीतून हात बाहेर काढला. मनगटापर्यंत गेला. धूळ आत येऊ लागली तरी त्यांनी तो तसाच ठेवला.