अक्काची डावी मूठ

"अक्का गेल्या गं..." फोनवर वहिनीला, म्हणजे तिच्या सुनेला, पुढं बोलवेना. आणि मला आधी आठवला तो अक्काचा चेहरा नव्हे, तिची डावी मूठ. पाच आठवडे झाले, अजून तीच डोळ्यांसमोर येते.

अक्का वडिलांची चुलतबहीण. नव्वदच्या दशकात बंगळुरात चामराजपेटेतून आम्ही दोघी एकाच बसनं मल्लेश्वरमला शाळेत जायचो. ती इंग्रजीची मिस, मी तिच्याच सहावीच्या वर्गात. दर शुक्रवारी ती सारख्या उच्चाराचे शब्द विचारायची. 'मेल' म्हणजे टपाल आणि 'मेल' म्हणजे पुरुष, 'वेस्ट' म्हणजे कंबर आणि 'वेस्ट' म्हणजे वाया. स्पेलिंगं मात्र वेगळी. तेव्हा तिची डावी मूठ घट्ट मिटलेली असायची. चुकलं की ती पाठीत बसणार, अशी आम्हा पोरांची खात्री. तिनं कधी कुणाला चापटसुद्धा मारली नाही, तरी उत्तर देताना आमचा डोळा त्या मुठीवरच.

एकदा बसनं कचकन ब्रेक मारला, दांडा धरायला तिनं मूठ उघडली आणि मला दिसलं. तळहातभर निळ्या शाईत स्पेलिंगं! अक्काचं सगळं शिक्षण कन्नड माध्यमातलं, यजमान अंथरुणाला खिळलेले, नोकरी कच्ची. "कुणाला सांगू नको गं," ती म्हणाली. मूठ तिनं पुन्हा घट्ट मिटली होती. मोठी माणसंही घाबरतात हे मला तोवर माहीतच नव्हतं, आणि कळल्यावर मी जास्तच घाबरले.

पुढच्याच शुक्रवारी हेडमिस्ट्रेस येऊन मागच्या बाकावर बसल्या. 'स्टेशनरी' म्हणजे वह्या-पेन्सिली, त्याचं स्पेलिंग फळ्यावर झालं. दुसऱ्या, म्हणजे जागच्या जागी थांबलेल्या 'स्टेशनरी'साठी अक्कानं मूठ किलकिली केली... घामानं सगळं पुसलेलं. "कोण सांगेल?" म्हणत तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. मला येत होतं. सकाळीच बसमध्ये तिनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण मी हात वर केला तर तिचं गुपित सगळ्यांना कळेल, असं काहीतरी वेडं मनात आलं आणि मी खाली बघत राहिले. शेवटी हेडमिस्ट्रेसनीच उठून लिहिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेनं अक्काला परत बोलावलं नाही. ती पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला लागली. त्या दिवसाबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नाही.

गेल्या दिवाळीत भेटले तेव्हा तिला फार विसरायला होत होतं. तळहातावर पुन्हा निळी शाई: सुनेचं नाव, नातवाचं, डॉक्टरांचं. माझं नव्हतं.

"अक्का, मी कोण?"

"तुझं कशाला लिहू गं? माझ्यासारखीच भित्री तू. तुला कशी विसरेन?"

मला तेव्हा येत होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं... तर ती म्हणाली, "सरी, बरं बरं, स्वल्प कॉफी घे, थोडीशीच," आणि राहूनच गेलं.

तिचं निळं बॉलपेन वहिनीनं मला दिलं आहे. काल त्यानं मी तो दुसरा 'स्टेशनरी' डाव्या तळहातावर लिहिला, कुठंही न अडखळता. मग मूठ मिटून बसून राहिले.