शिशाची बंडी

दोरीमामा पडदा ओढायचे तेव्हा तो ओढला जातोय असं वाटतच नसे. उजाडावं तसा तो हळूच बाजूला होई. दोन मजली उंच, जाड मखमलीचा पडदा आणि विंगेत हा ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस. मोठमोठे नट त्यांच्या दंडाला हात लावून रंगमंचावर पाऊल टाकायचे.

"मामा, आज लाज राखा हं!"

"लाज तुमची तुम्ही राखा. मी फक्त झाकतो."

ते दंड आता रिकाम्या बाहीसारखे लोंबत होते. आतड्याच्या कर्करोगावर केमो सुरू झाली आणि पोटात घास ठरेना. मांड्या वाळल्या. पाण्याचा तांब्याही दोन हातांनी उचलावा लागे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस थांबवावा लागेल."

त्यापुढचं मामांनी ऐकलंच नाही. थांबवणार, म्हणजे संपलं.

घरी येताच त्यांनी बायकोला कॉटखालची पेटी ओढायला लावली. पडदा वाऱ्याने हलू नये म्हणून त्याच्या खालच्या शिवणीत शिशाच्या पट्ट्या घालतात. जुना पडदा मोडीत निघाला तेव्हा मामांनी त्या आठवण म्हणून आणून ठेवल्या होत्या.

"माझ्या बंडीला आतून खिसे लाव."

बायकोची हयात नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळण्यात गेलेली. कापूस भरून तिने कितीतरी काटकुळ्या नटांचे योद्धे केले होते. तिला लगेच उमगलं.

"अहो, डॉक्टरांना फसवायचं?"

"जन्मभर लोकांना फसवलं, तर टाळ्याच मिळाल्या ना?"

"त्यापेक्षा माझं वजन घ्या की. मला नाहीतरी जड झालंय." ती हसली खरी, पण सुईत दोरा ओवायला तिला फार वेळ लागला.

प्रयोग रंगला. दवाखान्यातला वजनाचा काटा जागचा हलेना. "वा मामा, तब्येत धरलीत!" असं नर्स म्हणाली. पाहुणेही खूश. मामा काय खातात, जिना चढता येतो का, हे मग कुणी विचारेना. औषध मात्र काट्यावरच्या त्या धडधाकट माणसाच्या मापाचं येत राहिलं. मामांचं तोंड आतून सोललं, आणि पलंगावरून उठायला भिंत लागू लागली. शरीर झिजेल तशी बायको आणखी एक पट्टी शिवत गेली.

एके दिवशी डॉक्टरबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मामा, हात न टेकता खुर्चीतून उठा बरं."

मामांनी जोर लावला. शिशाने त्यांना खाली ओढलं, टाका उसवला आणि एक पट्टी खणकन फरशीवर पडली.

डॉक्टरबाईंनी ती उचलली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी तुमचं औषध या वजनावर मोजत होते, मामा!"

"खिसे मी शिवले," बायको पुढे आली. "यांना बोलू नका."

"अहो, थांबवायचं म्हणजे सोडून द्यायचं नव्हतं. आधी खाणं, व्यायाम, अंगात थोडी ताकद, आणि मग पुढचा डोस. तेव्हाच सांगितलं होतं मी."

"आणि आता?" बायकोने विचारलं.

डॉक्टरबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली. "आता किती उरलंय तेच बघायचंय."

बंडी उतरवून मामांना काट्यावर धरून उभं केलं. नर्सने आकडा मोठ्याने वाचला नाही. परत खुर्चीत बसवल्यावर मामांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. ती त्यांना कुणा परक्याची वाटली.

"पुन्हा उठून बघू," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "जमेल तेवढंच."

बायको समोर येऊन उभी राहिली. आधार द्यायचा नाही म्हणून तिने हात पदरात गुंडाळून घेतले. "अहो," ती कुजबुजली, "तिसरी घंटा झाली."

मामांचे हात आपोआप वर गेले. तिथे नसलेली दोरी त्यांनी घट्ट धरली आणि खेचली. अंग खुर्चीवरून जरासं सुटलं, आणि धपकन परत आदळलं.

पदरातून बायकोचा हात बाहेर आला, तो त्यांनी बाजूला सारला.

"अडकलाय," मामा धापा टाकत पुटपुटले, पडदा अडला की विंगेत पुटपुटायचे तसेच. आणि त्यांनी पुन्हा हात वर केले.