हाग्गा तफीदाची साखर

वग्दी म्हणजे जावा या संगणकाच्या भाषेत मुरलेला माणूस. इजिप्तमधल्या तांता गावात सगळे त्याला 'बाशमुहंदिस' म्हणत, मोठे इंजिनियर, आणि ते ऐकून स्वारी खूश व्हायची. दवाखान्यातल्या मधुमेही रुग्णांसाठी अ‍ॅप करायचं काम आलं तेव्हा कंपनीचा मालक म्हणाला, "या वेळी डार्टमध्ये लिहायचं. जमत नसेल तर आत्ताच सांगा." वग्दी पन्नाशीला टेकलेला. नोकरी गेली तर या वयात कोण विचारतंय? पण रुबाब सोडेल तो वग्दी कसला! "शिकतो की. सगळ्या भाषा सारख्याच."

रात्रंदिवस डोकं शिणवून त्याने अ‍ॅप लिहिलं. शेजारच्या टेबलावरची नेरमीन, जी डार्ट कोळून प्यायली होती, म्हणाली, "उस्ताज, फोनची भाषा अरबी करून एकदा अ‍ॅप चालवून बघा ना."

"पोरी, मला शिकवू नकोस."

आमच्या प्रोग्रामर मंडळींचं हे असंच. जन्म अरबीत, भांडणं अरबीत, फोन मात्र इंग्रजीत.

दवाखान्यात अ‍ॅपच्या चाचणीला सर्वांसमोर सगळ्यात आधी पुढे आली ती हज करून आलेली हाग्गा तफीदा. म्हातारीचा फोन अर्थात अरबी. तिने साखरेचा आकडा टाकला आणि अ‍ॅप बंद. पुन्हा टाकला, पुन्हा बंद. वग्दीला घाम फुटला. अरबी फोनवर आकडेही अरबी लिपीत उमटतात; जावाला ते आपसूक कळत. डार्टला ते आधी इंग्रजी आकड्यांत बदलून द्यावे लागतात, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"माझीच बोटं थरथरतात रे," म्हातारी ओशाळून म्हणाली.

मालक बघत होता. आणि या गृहस्थाच्या तोंडून निघालं, "हो हाग्गा, जरा हलक्या हाताने दाबायचं."

लोक हसले. तीही हसली.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. मालकाने पाठ थोपटली, नोकरी वाचली. वग्दीला मात्र घास गोड लागेना. म्हातारीच्या माथी आपण आपली चूक मारली, याची त्याला इतकी लाज वाटली की नेरमीनकडे मान वर करून बघवेना.

पुढच्या खेपेला तो थेट हाग्गाच्या बाकापाशी गेला. "हाग्गा, त्या दिवशी चूक माझी होती. तुमची बोटं ठीक आहेत."

तिने त्याच्या गालावरून हात फिरवला. "भला आहेस रे बाळा, माझ्या चुकीवर पांघरूण घालतोस." आणि फोन नर्सच्या हाती देत म्हणाली, "तूच टाक गं आकडा. मी हात लावला की बिघडतं."