वकऱ्याच्या किनाऱ्यावरची पैज

दोह्यात येऊन अकरा महिने झाले तेव्हा मी मुलाशी पैज लावली. दोह्याजवळच्या वकऱ्याच्या किनाऱ्यावर पोहण्याची जागा दोरीने आखून दिलेली आहे. त्या दोरीच्या टोकाला पिवळा बोया तरंगतो. तो बोया पोहत जाऊन शिवायचा आणि कुणाचा हात न धरता परत यायचं. जमलं तर मुलाने माझं परतीचं तिकीट काढायचं आणि मी गावी एकटा राहतो ह्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. नाही जमलं तर मी इथेच राहायचं आणि तोंड मी उघडायचं नाही.

सूनबाई म्हणाली, "शहात्तर वर्षांचे झालात बाबा, आणि पैजा कसल्या लावता?"

मी म्हटलं, "पैज मी लावलीय. तू फक्त डबा भर."

मी खरं तर तीन महिन्यांसाठी आलो होतो. बायको गेल्यावर गावी खाडीवरच्या घरात एकटाच होतो आणि माझं बरं चाललं होतं. एकदा न्हाणीत पाय घसरला. सकाळपासून दुपारपर्यंत फरशीवर पडून राहिलो, हाक मारली ती कुणाला ऐकू गेली नाही. हाड काही मोडलं नव्हतं. पण मुलगा विमानाने आला आणि जाळं गोळा करून होडीत टाकावं तसं मला उचलून घेऊन आला. तीन महिन्यांचे सहा झाले. सहा झाल्यावर मी महिने मोजून दाखवले, तर तो म्हणाला, "बाबा, तिथे तुम्हाला कोण बघणार?" मी म्हटलं, मला बघायला मी काय सिनेमा आहे?

त्यांचं घर ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळी सहाला नातीची बस येते. सूनबाई शाळेत शिकवते, ती तिच्याबरोबरच निघते. मुलगा लुसैलच्या हापिसात. त्यानंतर दुपारी दोनपर्यंत मी, एसी आणि खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांची टपं. कामाने माणूस दमतो असं मी जन्मभर समजत होतो. पण तिथे मी दहा वाजताच थकलेला असायचो, आणि केलेलं काय असायचं, तर कप विसळलेला. चाळीस वर्षं मी होडीवर तांडेल होतो. सात खलाशी माझ्या शब्दावर उठायचे, बसायचे. शाळा तिसरीपर्यंत. पण वाऱ्याने, पाण्याने मला कधी नापास केलं नाही. ही बढाई नाही, आमच्या बंदरात कुणालाही विचारा.

तर शुक्रवार ठरला. मुलाला सुट्टी असते आणि किनाऱ्यावर कुटुंबांना मोकळीक असते. फ्रिजवर सूनबाईने मराठी कॅलेंडर टांगलंय, त्यात बघितलं तर पौर्णिमा. मला बरं वाटलं. आमच्याकडे भरतीची वेळ कुणी घड्याळवाल्याला विचारत नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. शाळा सुटली पण पाऊणकी सुटली नाही.

मी फर्मान काढलं, "सव्वाअकराला पाणी तुडुंब. पावणेअकराला आपण तिथे."

मुलगा मोबाईल काढत म्हणाला, "थांबा, इथलं टाईमटेबल बघतो."

"ठेव तो. समुद्र काय मोबाईलला विचारून येतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल खिशात ठेवला. त्या क्षणी मला वाटलं, जिंकला बाप.

सूनबाईने मला गुडघ्याखाली येणारी विजार आणि बाह्यांचा बनियन आणला होता. किनाऱ्यावर नियमांचा बोर्ड आहे, अंग झाकून पोहा म्हणून. जन्मभर मी लंगोटावर समुद्रात उतरलो आणि म्हातारपणी कपडे घालून आंघोळ करायची वेळ आली. नात मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, यू लुक कूल." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीत देते. मी तिला मराठीत विचारतो, ती मला इंग्रजीत सांगते, आणि आमचं दोघांचं चालतं.

किनाऱ्यावर पोचलो. खजुरीच्या झावळ्यांच्या छत्र्या, त्यांच्याखाली चटया, माणसांची ही गर्दी. मल्याळी, फिलिपिनी, इजिप्तवाले, सगळे डबे उघडून बसलेले. पोरं वाळूत खड्डे खणत होती. मी समोर बघितलं. बघतच राहिलो.

समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण लांब. मधे ओली, करडी वाळू पसरलेली, तिच्यात खेकड्यांची भोकं आणि डबकी. आखलेली दोरी निम्मी वाळूवरच आडवी पडली होती, बोये कुशीवर लवंडलेले. भर सुकती. पौर्णिमा, सव्वाअकरा, आणि भर सुकती. मी सूर्याकडे बघितलं, मुलाच्या घड्याळात बघितलं, मनातल्या मनात पुन्हा पाऊणपट केली. सव्वाअकराच येत होते.

मुलाने आता मोबाईल काढला. हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. "बाबा, पाणी संध्याकाळी चढणार आहे. पुढच्या शुक्रवारी येऊ या का?"

तेव्हा हो म्हणायला हवं होतं. पण माझा हिशेब चुकला हे मला तिथे, सुनेसमोर, गिळवेना. सत्तर वर्षं जो हिशेब मी समुद्राचा म्हणून सांगत आलो, तो आमच्या एका खाडीपुरताच होता, हे मला त्या ओल्या वाळूने सांगितलं. मी ते कुणाला बोललो नाही.

"आलोय तर जातो," मी म्हटलं. "टोकाचा बोया तरंगतोय तिकडे. दिसतोय मला."

"चालत जाल आणि शिवाल, ती काय पैज?" सूनबाई म्हणाली. ती पुण्याची. तिला पोहता येत नाही, पण नियम बरोबर कळतात.

"जिथे छातीला पाणी लागेल तिथून पोहेन. चालत शिवला तर धरू नकोस."

निघालो. मागे वकऱ्यातल्या मशिदीतून जुम्म्याची बांग सुरू झाली होती. आधी वाळू कडक होती, पायाला बरी. मग घोट्याएवढं पाणी. बराच वेळ घोट्याएवढंच. आमच्याकडे दहा पावलं टाकली की समुद्र माणसाला उचलून घेतो. इथे मी चालतोय, चालतोय आणि गुडघासुद्धा भिजत नाही. खाली वाळू संपून चिखल लागला. पाऊल रुतायचं, उपटायचं, पुन्हा रुतायचं. पाणी कोमट, आंघोळीच्या बादलीतलं राहून गेल्यासारखं. माझ्या बाजूने दोन फिलिपिनी पोरी हसत, फोटो काढत गेल्या. त्यांना मी कसा दिसत असेन, ह्याचा विचार केला नाही.

शेवटी छातीला पाणी लागलं. झोकून दिलं. आणि खरं सांगतो, पहिल्या चार हातांत अकरा महिने गळून पडले. हे पाणी इतकं खारं आहे की माणसाला खाली जाऊच देत नाही, म्हाताऱ्यालाही धरून ठेवतं. तीस-पस्तीस हात मारले असतील. बोया शिवला. त्याच्यावर शेवाळ होतं, हात बुळबुळीत झाला. मागे वळून हात वर केला. किनाऱ्यावर कोण कुठे उभं आहे ते मला दिसलं नाही, तरी केला.

परत पोहत छातीभर पाण्यापर्यंत आलो. तिथून चालणं आलं. पोहायला पाणी कमी आणि चालायला चिखल जास्त. मांडीभर पाण्यात दोनदा थांबलो. गुडघाभर पाण्यात आलो तेव्हा डावा पाय चिखलातून निघेना. निघेना म्हणजे चिखल सोडत होता, मांडीच उचलत नव्हती. मी खाली बसलो. पडलो नाही, बसलो.

लाईफगार्डची शिट्टी ऐकू आली. लाल बनियनवाला तो तिकडून ओरडला, "चाचा, ठीक है?" मी हात हलवला की ठीक आहे. तेवढ्यात विजार दुमडून मुलगा पाणी उडवत येताना दिसला. त्याने लाईफगार्डला हाताने थांबवलं आणि एकटा आला.

"बाबा, उठा."

"उठतो. जरा बसलोय."

"पाण्यात?"

"मग कुठे बसू? इथे बाकडं ठेवलंय?"

"हात द्या."

"नको. पैज आहे."

मी दोन्ही हात चिखलात टेकून उठायला गेलो. अर्धा उठलो आणि पुन्हा बसलो. दुसऱ्यांदा तेवढाही उठलो नाही. मुलगा थोडा वेळ उभा राहिला आणि मग माझ्या बाजूला, आहे त्या कपड्यांनिशी, पाण्यात बसला.

"पॅन्ट भिजली तुझी."

"भिजू दे."

दोघं बसलो. समोर किनाऱ्यावर पोरं ओरडत होती, पण इथपर्यंत फार ऐकू येत नव्हतं. मुलाचे केस पुढून विरळ झालेत, हे मला अकरा महिने एका घरात राहून तेव्हा दिसलं. डोळ्यांखाली काळं. सुट्टीच्या दिवशीही माणूस इतका दमलेला असतो.

"तिथे जाऊन करणार काय हो बाबा?" त्याने विचारलं. भांडण म्हणून नाही, खरंच विचारलं.

"करायचं काय? धक्क्यावर बसेन. येणारे-जाणारे विचारतील, तांडेल, उद्या होडी काढू का? मी सांगेन काढ, नाहीतर नको काढू." हातावरचा चिखल पाण्यात धुतला. "इथे मला कुणी काही विचारत नाही. जेवलात का, गोळी घेतली का, एवढंच."

त्याने किनाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "तुम्ही पडलात त्या दिवशी मी दुपारी चार फोन केले होते. उचलला नाहीत. मी हापिसात मीटिंगमधे बसून चार फोन केले."

आमच्यात असं बोलायची पद्धत नाही.

तो उठला, किनाऱ्याकडे तोंड केलं आणि माझ्याकडे न बघता हात मागे केला. मी तो हात धरला. उठलो. हात धरूनच चाललो, पाणी घोट्याशी येईपर्यंत. सगळे छत्रीखाली बसलेले दिसायला लागले तसा त्यानेच हात सोडला आणि दोन पावलं पुढे झाला, जसं काही आम्ही दोघं नुसते फिरायला गेलो होतो.

"शिवून आले," त्याने सूनबाईला सांगितलं. "पोहत गेले, पोहत आले."

नात टाळ्या वाजवत आली. "आजोबा, यू डिड इट!" सूनबाईने पंचा दिला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हाने तसं दिसलं, कोण जाणे. मी पंचा घेतला. मी काही बोललो नाही. मधे सांगायची जागा मिळाली नाही असं म्हणू शकतो, पण ते खोटं होईल. जिंकल्यासारखं वाटत होतं आणि ते सोडवत नव्हतं.

घरी आलो, सूनबाईने आमटी-भात वाढला. मुलगा एका हाताने जेवत, दुसऱ्या हाताने मोबाईलवर काहीतरी बघत होता.

"डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं मिळतंय," तो म्हणाला. "काढू ना बाबा?"

घास माझ्या तोंडात होता. मी तो नीट चावला, गिळला. माझ्या होडीवर एक खलाशी होता, मासा दुसऱ्याच्या जाळ्यातला आणि सांगायचा, माझ्या जाळ्यातला. त्याला मी दुसऱ्याच दिवशी धक्क्यावर उतरवला होता.

"काढू नको," मी म्हटलं.

"का?"

"येताना हात धरला मी. तू नाही धरलास, मी धरला. बसलो होतो, उठता येत नव्हतं."

सूनबाईने भाताचा डाव पातेल्यातच ठेवला. नात माझ्याकडे, मग बापाकडे बघू लागली.

मुलगा चिडला. खरंच चिडला, कान लाल झाले. "मी काही बोललो होतो का? कुणी विचारलं होतं तुम्हाला? मी काढत होतो ना तिकीट!"

"तू नाही बोललास म्हणून मला बोलावं लागलं."

"मग आता?"

"मग आता काय? पैज पैज असते. राहतो."

"सो यू आर नॉट गोइंग?" नातीने विचारलं.

"नाही."

मुलाने मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला. तो खूश होईल असं मला वाटलं होतं, पण तो खूश नव्हता. त्याने मला जायला सोडलं होतं आणि मीच दार लावून घेतलं, ह्याचं त्याला वाईट वाटत होतं. सूनबाई म्हणाली, "बाबा, अजून थोडा भात?" मी वाढ म्हटलं. भूक होती. एवढं चालल्यावर भूक लागणारच.

जेवल्यावर ताट मी स्वतः उचललं. भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेलो. मुलगा मागून आला. माझ्या हातातून त्याने ताट घेतलं नाही, नुसता जवळ उभा राहिला. मी ते विसळून पालथं घातलं आणि पडायला आतल्या खोलीत गेलो.