उखर्डूची न दिलेली दवंडी

दवंडी द्यायच्या आधी उखर्डू शाळेच्या पायरीखाली उभा राहायचा आणि मी वाचलेला कागद डोळे मिटून तीनदा म्हणून दाखवायचा. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की स्वतःच थांबून म्हणायचा, "मास्तर, परत एकदाव सांगा. मन्हा तोंडमा बसनं नई." मी कंटाळून म्हणे, अरे, अर्थ पोचला म्हणजे झालं. ते त्याला पटत नसे. सरकारनं 'सोमवारी सकाळी' लिहिलं असेल तर 'सोमवारी' एवढंच सांगून तो कधी गप्प बसला नाही. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "सबद कागदना, आवाज मन्हा." शब्दांत त्याचं स्वतःचं काही नाही, ही गोष्ट तो अभिमानानं सांगे.

खानदेशाचे दोन जिल्हे होऊन फार दिवस झाले नव्हते. त्या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही; ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची नातवंडं तिथं नांदत आहेत. टपालाचं कामही माझ्याकडेच असे. कचेरीतून पाटलाच्या नावानं आलेला कागद मी वाचायचा, मग तो उखर्डूला पाठ करवायचा, आणि उखर्डू डफ घेऊन गावभर फिरायचा. तो महारवाड्यात राहणारा. अंगानं काटकुळा, चाळिशीच्या आतला, पण आवाज असा की मारुतीच्या पारावर त्यानं तोंड उघडलं तर नदीकाठी धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवत.

त्याच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती. हा झाला तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि उखर्डू नाव ठेवलं. टाकाऊ वस्तू समजून मरण त्याच्याकडे बघणार नाही, अशी समजूत. तो हे हसून सांगे. त्याच्या बायकोचं नाव भागा. एकच मुलगी, आठ वर्षांची ठगी. ती बापामागून दवंडीची नक्कल करत फिरे आणि बाप शब्द चुकला तर त्याला टोके.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी प्लेगची लस टोचणारे डॉक्टर छकड्यातून आमच्या गावी आले. तेव्हा गावात आजार नव्हता. टोचलं की माणूस वांझ होतो, टोचलं की सहा महिन्यांत मरतो, अशा बातम्या मात्र आधीच येऊन पोचल्या होत्या. बायकांनी पोरं कडब्याच्या गंजीत लपवली. पारावर डॉक्टर, पाटील, मी आणि आठ-दहा पुरुष. पाटलांना सगळे आबा म्हणत. सरकारचा माणूस रिकाम्या हातानं परत पाठवणं त्यांना बरं दिसेना. ते शांतपणे म्हणाले, "पहिले उखर्डूले टोचा. तो जगना तर पाहूत."

कुणी हसलं नाही, कुणी हरकतही घेतली नाही. मी पण नाही. उखर्डू पुढं झाला आणि त्यानं दंड उघडा केला. सुई निघाल्यावर त्यानं डॉक्टरांना विचारलं, बायकोला आणि पोरीला आणू का? डॉक्टर हो म्हणणार होते, पण आबांनी मध्येच सांगितलं की आधी तुझं काय होतं ते दिसू दे. दोन दिवस त्याला ताप होता. लोक महारवाड्याच्या तोंडाशी येऊन लांबूनच विचारत, मेला का. तिसऱ्या दिवशी तो डफ घेऊन गुरांच्या बाजाराची दवंडी देत फिरला. तोवर डॉक्टर पेटी घेऊन पुढच्या गावाला गेले होते.

दिवाळीनंतर उंदीर मरून पडायला लागले. पहिला पाटलांच्याच माजघरात पडला. मग सुताराच्या घरी गाठ आली, मग तेल्याच्या. आठवड्यात गाव फुटलं. जो तो आपापल्या शेतात झोपडी घालून राहिला. कुणी कपाशीत, कुणी ज्वारीत, कुणी पार नदीपलीकडे. कोस-दीड कोसाच्या टापूत पांगलेल्या त्या गावाला एकत्र ठेवणारी एकच गोष्ट उरली, उखर्डूचा आवाज. कोण गेलं, कुणाच्या विहिरीचं पाणी भरायचं नाही, रॉकेल कुठं मिळेल, सगळं तोच सांगत फिरे. आणि आता सगळ्यांना लस हवी होती. ज्या बायकांनी पोरं लपवली होती त्याच आबांच्या झोपडीसमोर पदर पसरत होत्या.

आबांनी अर्ज केला. उत्तर आलं: सोमवारी सकाळी लस येईल, सर्वांनी पारापाशी जमावं. उखर्डूनं तीनदा म्हणून दाखवलं आणि दिवसभर शेताशेतातून फिरला. सोमवारी अख्खं गाव जमलं. अंगात ताप असलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठीवर घालून आणलं होतं. सूर्य कलला तरी कुणी आलं नाही. चार दिवसांनी कागद आला की आमचं गाव जुन्या नोंदीत एका जिल्ह्याकडे आहे आणि नव्या नोंदीत दुसऱ्याकडे, तरी लस कोणी पुरवायची याबद्दल पत्रव्यवहार चालू आहे. शेवटी पुन्हा पुढच्या सोमवारचा वायदा होता. मी तो आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, पत्रव्यवहाराचं सांगू नको, लोक बिथरतील, फक्त सोमवारचं सांग. म्हणून मी उखर्डूला तेवढंच वाचून दाखवलं. तो कागदाकडे पाहत होता. इतक्या लांब कागदात इतकेच शब्द कसे, असं त्यानं विचारलं नाही.

दुसऱ्या सोमवारी छकडं आलं. डॉक्टरांनी पेटी उघडली, बाटल्या पाटावर मांडल्या. रांग लागली. पहिल्या बाईनं दंड उघडा केला होता, इतक्यात घोड्यावरून एक शिपाई आला आणि त्यानं डॉक्टरांच्या हातात कागद दिला. ही पेटी दुसऱ्या जिल्ह्याच्या हिशेबातली, इथं वापरू नये. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.  मग एकेक बाटली पेटीतल्या भुशात परत ठेवली. लोकांच्या डोळ्यांदेखत ते छकडं गेलं.

कचेरी लांब होती. डॉक्टर गेले होते. आबा पाटील होते. समोर राहिला उखर्डू, गळ्यात डफ अडकवलेला. कोणी पहिल्यांदा म्हणालं ते आठवत नाही, पण शब्द आठवतात: याला काय, यानं आपलं टोचून घेतलंय. मग सगळे तेच म्हणू लागले. ज्याच्यावर त्यांनी लस तपासून बघितली होती, त्यानं ती एकट्यानं लाटली असं ठरलं. डफ फोडला. त्याला पारापासून ओढत नेलं, जोड्यांनी मारलं, पडल्यावर लाथांनी. तो एवढंच म्हणत होता, "सबद कागदना, आवाज मन्हा." ते वाक्य ऐकून लोक जास्त चिडत होते. कागद माझ्या कोटाच्या खिशात होता. पत्रव्यवहाराची ओळ त्यात होती. मी ती मोठ्यानं वाचली असती तर मार थांबला असता, किंवा मला बसला असता. मी शाळेत गेलो आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात भागाच्या जांघेत गाठ आली. तिच्यासाठी विहिरीवर पाणी भरू द्यायला कोणी तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला न्यायला उखर्डूबरोबर दोनच माणसं होती, आणि मारानं त्याचा एक हात वर होत नव्हता.

नंतर तो माझ्याकडे आला. ठगीसाठी अर्ज लिहून हवा होता. तो पायरीखाली उभा राहिला, मी पायरीवर कागद मांडीवर घेऊन बसलो. त्यानं सांगितलं, "लिहा मास्तर. टोचणी व्हई तर धाडा. नसनी तर नई म्हना. पन सोमवारना वायदा करू नका."

मी लिहिलं. एवढा चांगला अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही, आणि त्यातला एकही शब्द माझा नव्हता.

उत्तर आलं. सोमवारी सकाळी लस येईल.

आबांनी दवंडीचं फर्मावलं. कुणाचा तरी जुना डफ आणवला. मी कागद वाचला. उखर्डूनं या वेळी डोळे मिटले नाहीत. त्यानं विचारलं, "मास्तर, हाई खरं शे का?"

मी म्हणालो, कागदावर असंच आहे.

"कागदले लाज नई, मास्तर. माले शे."

आबांनी त्याला समजावलं, मग धमकावलं, मग सांगितलं की आजपासून तुझं बलुतं बंद, गावात पाय ठेवायचा नाही. उखर्डूनं डफ पायरीवर ठेवला आणि निघून गेला. नदीपलीकडे, सगळ्यांच्या झोपड्यांच्याही पलीकडे, त्यानं कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं खोपटं केलं होतं. तिथं ठगी होती. आपण होऊन त्याच्याकडे कोणी जात नव्हतं.

त्या सोमवारी लस आली.

भरपूर आली. दोन पेट्या. डॉक्टर तेच होते आणि घाईत होते. पारावर आबांचं घरदार, त्यांच्या भाऊबंदांची माणसं आणि मी. बाकी गाव शेतात पांगलेलं. डॉक्टरांनी विचारलं, लोक कुठं आहेत? आबा म्हणाले, ज्याला गरज असेल तो येईल. मी तरणा होतो, पाय धड होते. झोपड्यांमधून ओरडत गेलो असतो तर दुपारपर्यंत निम्मं गाव आलं असतं. पण त्या झोपड्यांत गाठीची माणसं होती आणि मला अजून टोचलेलं नव्हतं. टोचल्यावर हात दुखायला लागला आणि ताप येईल असं वाटलं, तेव्हा मी घरी जाऊन पडलो. इतकंच झालं. डॉक्टर दुपारपर्यंत थांबले आणि लोकांना लस नको असं दिसतं म्हणून उरलेल्या बाटल्या घेऊन गेले.

ठगी त्याच आठवड्यात गेली. आणखीही बरीच गेली, पण मी ठगीचं लिहितो आहे.

लस आल्याचं उखर्डूला तिसऱ्या दिवशी नदीवर कोणीतरी ओरडून सांगितलं, शिव्यांसकट. तुझ्यामुळे आमची माणसं मेली, असं. थंडी सरून गाव घरी परतलं तेव्हा तो मला वाटेत भेटला. डोक्याचे केस पांढरे झाले होते. मला वाटलं, तो मला बोल लावेल. तो म्हणाला, "तुम्ही वाचं ते बरोबर व्हतं, मास्तर. मीच ऐकं नई."

डॉक्टरांनी टोचताना मला सांगितलं होतं की लसीचा गुण यायला आठ-दहा दिवस जावे लागतात. म्हणजे त्या सोमवारी टोचलं असतं तरी ठगी बहुधा वाचली नसती. हे त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगताना मी त्या दिवशी पारावर होतो हेही सांगावं लागलं असतं. मी नुसता हं म्हणालो.

पुढं चौकशी आली. इतकी लस येऊन परत का गेली, असं दोन्ही कचेऱ्यांनी विचारलं. इतके दिवस एकमेकींवर ढकलत होत्या, आता दोघींना उत्तर हवं होतं. आबांनी मला बोलावलं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: दवंडी देणाऱ्यानं हुकूम मोडून दवंडी न दिल्यामुळे लोकांस खबर मिळाली नाही व त्यामुळे मृत्यू झाले. वाक्य मी जरा सुधारलंही. आबांनी 'काम टाळलं' म्हटलं होतं, 'हुकूम मोडून' हे माझं. खाली साक्षीदार म्हणून सही केली. महिन्याभरात निकाल आला. दोन्ही कचेऱ्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. उखर्डूचं वतनी काम कायमचं काढून घेतलं, आणि त्याला तालुक्याच्या ठाण्यावर हजेरी लावायला सांगितलं.

तो हुकुमाचा कागद घेऊन माझ्याकडेच आला. दुसरं कोण वाचून दाखवणार होतं? मी वाचला. त्यात माझी वाक्यं जशीच्या तशी उतरली होती. तो नीट ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं कागदाला बोट लावलं आणि विचारलं, "कोनी लिखं हाई?"

मी म्हणालो, "कचेरीनं."

त्यानं मान हलवली. कागदाची घडी घालून मुंडाशात खोचली. "तुम्ही व्हतात म्हनीसन माले समजनं," तो म्हणाला, "नईतर कोन सांगतं?" आणि दोन्ही हात जोडून, म्हणजे एक हात जोडून आणि दुसरा जेवढा उचलता आला तेवढा उचलून, त्यानं मला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. कोणी म्हणे बोदवडकडे सरकी काढायच्या कारखान्यात लागला, कोणी म्हणे वाटेतच मेला. पुढं माझी धुळ्याला बदली झाली, बढती मिळाली, पेन्शनही झाली. बोदवडला जायचे प्रसंग दोन-तीनदा आले. मी त्याला शोधलं नाही.